बी विंग ग्रुप : सोहमची दोन मिनिटं

सोहम (503): नमस्कार सगळ्यांना. टीवायच्या प्रोजेक्टसाठी सायकॉलॉजिकल हॉरर सिनेमाची फक्त सुरुवात करायची होती, दोन मिनिटांची. आपल्याच जिन्यात आणि आमच्या स्वयंपाकघरात शूट केलंय. नाव ‘साय’. हेडफोन लावून बघा आणि खरं खरं सांगा. सोमवारी जमा करायचंय.

पाटील सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. सकाळी 10 ते 1 पाणी बंद. भरून ठेवा.

जोशी काकू (201): बघितलं रे. मस्त! जिन्यातली ट्यूब लुकलुकते ना, तिथे काटाच आला अंगावर.

पाटील सेक्रेटरी: कुठली ट्यूब? पाचव्या मजल्यावरची गेल्याच महिन्यात बदलली आहे.

सोहम (503): ट्यूब नीट आहे काका 😅 ते मी केलं नाहीये, मोबाइलवर आपोआप तसं आलं.

किरण (402): शटरचा घोळ आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तुझ्या मोबाइलचं शटर 1/60 सेकंदावर असणार. प्रो मोडमध्ये जाऊन 1/50 किंवा 1/100 कर, लुकलुकणं जाईल.

जोशी काकू (201): घालवू नकोस रे! मला तेच आवडलं.

फडके आजी (102): मला कथा नाही कळली. मुलगी रात्रपाळी करून पहाटे घरी येते, दाराला अडकवलेली दुधाची पिशवी काढते, आत येते. गॅसवर पातेलं, त्यात दूध आधीच तापवलेलं. मग तापवलं कोणी? ती एकटीच राहते ना?

सोहम (503): आजी, तेच तर! तुम्हाला बरोब्बर कळलंय.

फडके आजी (102): आणि बोट लावते तर वर जाड साय. म्हणजे तापवून बराच वेळ झाला. पिशवी तर आत्ता काढली हिने. मी मागे नेऊन दोनदा बघितलं.

साने काका (304): सोहम, आजींनी मागे नेऊन दोनदा बघितलं, इथे तुझं काम झालं. एकतर घरात कोणीतरी आहे, नाहीतर आधी येऊन दूध हिनेच तापवलंय आणि ते हिला आठवत नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट. भुताच्या सिनेमात दार लावून पळता येतं, इथे पळून जाणार कुठे?

मग पुढच्या वीस सेकंदांत तू ते सगळं घालवलंस. खिडकीवर रक्ताचा पंजा कशाला? आणि ‘ती माझ्याच आत राहते’ हे निवेदन? आजी स्वतः शोधत होत्या, तू मध्येच उत्तर सांगून मोकळा झालास.

सोहम (503): काका, पंजा नसेल तर हॉरर वाटणार नाही अशी भीती वाटली.

साने काका (304): तुला वाटली ना, मग बघणाऱ्याला काय उरलं 😄 व्हायोलिनची किंकाळीही काढून टाक.

जोशी काकू (201): का हो? ‘सायको’मध्ये आहेच की तशी.

साने काका (304): आहे ना वहिनी. 1960 चा सिनेमा, संगीतकार बर्नार्ड हर्मनने सबंध सिनेमाला नुसती तंतुवाद्यं वापरली. पण न्हाणीघराचा प्रसंग आठवा. पडदा ओढला जाईपर्यंत संगीत नाही, नुसता शॉवरचा आवाज. कान पाण्याला सरावतो आणि मग ती व्हायोलिनं येतात. दिग्दर्शक हिचकॉकला खरं तर तिथे संगीत नकोच होतं, हर्मनने तरी करून ऐकवलं. सोहमकडे पहिल्या सेकंदापासून वाजतंय, मग किंकाळीला जागाच कुठे उरते?

सोहम (503): मग तिथे काय ठेवू?

साने काका (304): तुमचा फ्रिज. तीस वर्षं रेकॉर्डिंगच केलं मी, ऐक माझं. घरातल्या सगळ्यांना गप्प बसव, पंखा बंद कर आणि स्वयंपाकघराचा मिनिटभर नुसता आवाज घे. ती आत येते तेव्हापासून फ्रिजची घरघर खाली चालू राहू दे, कोणाच्या लक्षातही येणार नाही. तिचं बोट सायीला लागलं की कॉम्प्रेसर बंद. घरात एकदम कसं रिकामं वाटतं तेव्हा, माहितीये ना?

किरण (402): बाप रे. हे वाचूनच फ्रिजकडे बघितलं मी.

नीता (601): मला अर्धं दिसलंच नाही. मोबाइलवर नुसता काळोख. ब्राइटनेस फुल करूनसुद्धा.

साने काका (304): हे महत्त्वाचं. काळोख म्हणजे भीती नव्हे. ‘द शायनिंग’ (1980) ची सुरुवात लख्ख उजेडात आहे, डोंगरातल्या रस्त्याने एक पिवळी गाडी चालली आहे आणि आपण वरून बघतोय, बस. तरी पोटात कालवतं. तुझी मुलगी पहाटेच येतेय, तर खिडकीत थोडं उजाडू दे. दूध पांढरं दिसलं पाहिजे.

नीता (601): आणि नावाचं अक्षर? रक्त ठिबकतंय त्यातून. ‘साय’ हे नाव इतकं साधं आहे, साधंच लिही ना.

जोशी काकू (201): दिग्दर्शन सोहम, लेखन सोहम, कॅमेरा सोहम, संकलन सोहम. आईचं नाव कुठाय? दूध तिनेच तापवलं असेल!

सोहम (503): चार पातेली 🙈 साय नीट धरेना. टाकतो नाव.

फडके आजी (102): गॅस बारीक ठेवायचा आणि झाकण नाही घालायचं. पुन्हा करणार असलास तर माझ्याकडे ये, म्हशीचं दूध आण.

सोहम (503): येतो आजी. पाटील काका, रविवारी पहाटे पाच ते सहा पुन्हा शूट करू का? लिफ्ट थोडा वेळ पाचव्या मजल्यावर थांबवावी लागेल.

पाटील सेक्रेटरी: वॉचमनला सांगून ठेवतो. लिफ्ट दहा मिनिटांच्या वर अडवायची नाही, दूधवाला त्याच वेळी येतो.