घंटा वाजवणाराही तोच

"मुख्याध्यापक झालं की वर्गातून सुटका, नुसत्या सह्या ठोका," असं एकांनी लिहिलंय. मोठ्या हायस्कुलात असेलही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत चित्र उलटं आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वेगळा मुख्याध्यापक मिळतो तो पट, म्हणजे मुलांची संख्या, १५० च्या वर गेला तर. ६० पर्यंत दोनच शिक्षक. त्यातला ज्येष्ठ तो मुख्याध्यापक, आणि वर्गशिक्षकही तोच. चौथीला भागाकार देऊन उठायचं, पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा (पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम), तोवर केंद्रातून (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातून) फोन, माहिती आत्ताच्या आत्ता भरा. रेंज मात्र सड्यावर, वरच्या कातळमाळावर, गेल्याशिवाय नाही!

पटाचं दुखणं वेगळंच. पहिलीला घेतलेलं पोर दुसरीत आईबापांकडे विरारला जातं. संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्याला) एकेक नाव मोलाचं, पण दाखला मागितला की द्यायलाच हवा.

तरी मला हे काम आवडतं. पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या. आमच्याकडे त्या खरोखर बोलतात. परह्याला (ओढ्याला) पाणी चढलं की साकवापलीकडच्या पोरांना कोण सोडणार, ही पाळी त्यांनीच लावली, मला विचारलंसुद्धा नाही. गणपतीत एक चाकरमानी, शाळेचाच जुना विद्यार्थी, आरती झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, कौलांचं बघूया." मे महिन्यात कौलं बदलून झाली. आता संगणकासाठी त्याच्याच मागे लागलोय.