शब्दचर्चा : क्लेझमर ऐकायचा की ऐकायचं?

गेले चार दिवस अँडी स्टॅटमन ऐकतोय, क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नाबिग्नातलं संगीत वाजवणारा अमेरिकन वादक. मँडोलिनही तोच वाजवतो, क्लॅरिनेटही तोच. १९७९च्या त्याच्या रेकॉर्डवर झेव फेल्डमनचं त्सिम्बल आहे, संतूरसारखं काड्यांनी वाजवायचं. मित्राला कळवलं, "क्लेझमर ऐकतोय." तो म्हणाला, क्लेझमर म्हणजे वाजवणारा माणूस. खरं काय? आणि क्लॅरिनेटमध्ये मध्येच जो हुंदका फुटतो, त्याला यिद्दिशमध्ये, म्हणजे त्या ज्यूंच्या बोलीत, 'क्रेख्त्स' म्हणतात. मराठीत काय म्हणाल?

प्रतिसाद :
दोघंही बरोबर. हिब्रूत 'कली' म्हणजे भांडं किंवा साधन, 'झेमेर' म्हणजे गाणं. गाण्याचं साधन ते वाद्य. पूर्व युरोपातल्या यिद्दिशमध्ये तोच शब्द वाद्यावरून वादकावर आला, मुख्यतः लग्नात वाजवणाऱ्यावर. अनेकवचन क्लेझमोरीम. पुढे त्याला हलकेपणाचा वास चिकटला, सुरांची लिपी वाचता येणारे वादक स्वतःला 'मुझिकांट' म्हणवून घेऊ लागले. संगीतप्रकार हा अर्थ रुळला तो अमेरिकेत १९७०नंतर, तरुणांनी जुन्या रेकॉर्डी शोधायला घेतल्यावर.

आपल्याकडे दुसरं काय झालं? वाजंत्र म्हणजे वाद्य, ते वाजवणारा वाजंत्री. पण "वाजंत्री आले" म्हणतो तसं "वाजंत्री वाजू लागली" असंही म्हणतोच. हलकेपणाचा वासही तोच. वाजंत्र्यांना पंगतीत कुठे बसवायचे, आठवून बघा.

प्रतिसाद :
उच्चाराचं एक. 'झ' झाडातला. 'क्लेज्मर' कानाला बोचतं.

प्रतिसाद :
'वाजंत्री' आवडला, पण मराठीत म्हटलं की सनई-चौघडाच डोळ्यांपुढे येतो. तिकडे आधी पुढारपण फिडलकडे होतं, क्लॅरिनेट एकोणिसाव्या शतकात पुढे आली.

'क्रेख्त्स'ला मात्र हुंदका नको. हुंदका रडण्यातला, यिद्दिश क्रियापदाचा अर्थ कण्हणं. म्हणून 'कण्ह'. मुरकीही नव्हे, मुरकी वळून पुढे जाते. इथे वरच्या सुराला ओझरतं शिवून आवाज घशात अडकल्यासारखा तुटतो. क्लॅरिनेटवर हे फुंकरीच्या बळावर जमतं. मँडोलिनवर छेडलेला सूर तसाही लगेच विझतो, लांबवायचा तर तारेवर भरभर छेड मारत राहावं लागतं. मग तिथे कण्हायचं कसं? तार दाबलेलं बोट चटकन सैल करून. मला तर क्लॅरिनेटपेक्षा हेच जास्त लागतं.

प्रतिसाद :
आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं संगीत म्हणजे क्लेझमर का? (रायगडकडचा आहे म्हणून विचारतो.)

प्रतिसाद :
नाही. क्लेझमर पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचं. कोकणातल्या बेने इस्राएलांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली, ती वाट वेगळी. शब्दाचं नातं मात्र आहे : स्तोत्राला हिब्रूत 'मिझमोर' म्हणतात, धातू 'झेमेर'चाच.

जाता जाता : क्लेझमरमधल्या 'फ्रेगिश' नावाच्या स्वरमालिकेचे स्वर आपल्या बसंत मुखारी रागाचे आहेत, कोमल रे-ध-नी आणि शुद्ध गंधार. ओळखीचं वाटतं ते त्यामुळे. 'दोयना' हा रुमानियाकडून आलेला, तालाविना उलगडणारा प्रकार. त्याला आलाप म्हणायचा मोह होतो, पण दोयनानंतर बहुधा नाचाची चाल येते, बंदिश नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
'कण्ह' घेतला. 'वाजंत्री'वर मित्र अडून बसलाय. म्हणतो, मग मँडोलिनवाल्याला काय म्हणशील?