शब्दचर्चा: ‘ग्रॅव्हल’ म्हणजे खडी की मुरूम?

प्रश्न (अंबाजोगाईहून)

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी ग्रॅव्हल सायकली, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली, घेऊन बालाघाटाच्या डोंगरांत फिरतो. नव्या मुलामुलींसाठी मार्गांची एक वही मराठीत करायला घेतली आहे. ‘ग्रॅव्हल’ला खडी म्हणावं, रेव म्हणावं की कंकर, यावरच गाडी अडली. शिवाय युरोपातल्या मार्गांबद्दल वाचताना ‘हीथ’ आणि ‘वुडलँड’ हे शब्द सारखे येतात. त्यांना माळरान आणि जंगल म्हटलं तर चालेल का? जाणकारांनी सांगावं, म्हणून विचारतेय.

उत्तर (पाटोद्याहून)

ताई, काहीही लिहा पण खडी लिहू नका.

मागच्या हिवाळ्यात एका गटाने केलेल्या नकाशावर ‘खडीचा रस्ता, सोपा’ असं वाचून मी आणि माझा भाचा निघालो. पोचलो तर खडीकरण चाललेलं. लिंबाएवढे, धारदार कडांचे दगड नुसते पसरून ठेवलेले, रोलर अजून फिरायचा होता. अर्ध्या किलोमीटरच्या आत भाच्याच्या मागच्या टायरची बगल बोटभर चिरली, आतलं पांढरं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) फसफसून बाहेर आलं आणि सायकल खांद्यावर आली. शेळ्या वळणारे एक बाबा बघत होते. म्हणाले, “खडीवर कशाला शिरलात रे? त्या कडेनं मुरमामुरमानं जायाचं ना.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या त्या एका वाक्यात आहे. खडी क्रशरमधून निघते. दगड फोडलेला असतो म्हणून कडा ताज्या असतात आणि दाबून बसवल्याशिवाय ती पायाखाली सरकते. मुरूम हा आपल्या काळ्या बेसाल्टचाच, पण ऊनपावसाने कुजून सुटा झालेला. खाणीतून खणून काढतात. त्यात बारीक खड्यांबरोबर थोडी मातीही असते, त्यामुळे एक पाऊस पडला आणि वरून चार बैलगाड्या गेल्या की तो घट्ट बसतो. चाळीस मिलिमीटरचं टायर, हवा जरा कमी, आणि असा बसलेला मुरूम. ग्रॅव्हल सायकल हवी ती एवढ्यासाठीच.

इंग्रजी शब्दाचा दोष नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांत २००६ पासून जी मोठी शर्यत होते, आता तिला अनबाउंड म्हणतात, तिथले ग्रामीण रस्ते खरोखरच फोडलेल्या दगडाचे असतात. गारगोटीसारखा तिथला फ्लिंट दगड टायर चिरतो अशी त्या शर्यतीची ख्याती आहे. पण २०२२ साली ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत इटलीत व्हेनेतो प्रांतात झाली, तोवर हा शब्द रस्त्यावर टाकायच्या दगडाचा राहिला नव्हता, खेळाचा झाला होता. म्हणून खेळाला आणि सायकलीला ‘ग्रॅव्हल’च म्हणा. रस्त्याला मात्र त्याच्या अंगावर जे आहे त्याचं नाव द्या. मुरमाची वाट, मुरमाड चढ. रेव नदीपात्रातली जाडी वाळू, तिथे चाक रुततं. कंकर आपल्या बोलण्यातलाच नाही.

आणखी दोन शब्द वहीत यायलाच हवेत. एक चाकोरी. शहरात हा शब्द आता फक्त ‘चाकोरीबाहेरचा विचार’ म्हणून उरलाय, पण पांदणीत, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेत, ती अजून जमिनीवर दिसते. बैलगाडीच्या, हल्ली ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा आणि मध्ये गवताचा उंचवटा. सायकलवाल्याने एक चाकोरी धरायची आणि धरूनच ठेवायची. मध्येच दुसरीत जायला गेलात तर पुढचं चाक कडेला घासतं आणि आपण गवतात.

दुसरा शब्द फुफाटा. ‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा म्हणजे तापलेली राख. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीवाटेवर घोट्याएवढी जी पिठासारखी माती साचते, तिलाही फुफाटाच म्हणतात. वरून सपाट, गुळगुळीत दिसतो. चाक शिरलं की हँडल हातात राहत नाही. मार्च ते मे या दिवसांत एखाद्या वाटेवर फुफाटा असतो की नाही, हे अंतराइतकंच महत्त्वाचं आहे. नकाशा करणाऱ्यांनी ते लिहावं, माझी कळकळीची विनंती आहे.

पाणंद की पांदण, हा वाद नको. सरकारी कागदात पाणंद, आमच्या तोंडी पांदण. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, तेव्हा तलाठ्याकडचा नकाशा एकदा डोळ्याखालून घाला. मोबाइलवर न दिसणाऱ्या कितीतरी वाटा तिथे आहेत.

आता माळ. ‘ती माळ’ गळ्यातली, ‘तो माळ’ उंचावरचा, पातळ मातीचा, गवताचा. एका कान्याने सगळं उलटतं ते पाहा: मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचं भिजतं रान. आणि रान म्हणजे आमच्याकडे शेत. “बाप रानात गेलाय” याचा अर्थ तो ज्वारी राखायला गेलाय. त्यामुळे तुम्ही ‘रानवाट’ लिहिलंत तर आमची पोरं ती शेताची वाट समजतील. माळरान हा जोडशब्द मात्र सगळीकडे एकच अर्थ सांगतो.

हीथला माळरान म्हणायला माझी हरकत नाही, खाली दोन ओळी लिहिल्या म्हणजे झालं. जर्मनीतली ल्युनेबुर्गची हीथ किंवा हॉलंडमधली वेलुवे ही वाळूची, आम्लधर्मी, निकस जमीन. तिच्यावर हीदर नावाची गुडघाभर झुडपं असतात आणि ऑगस्टच्या सुमारास ती जांभळी होतात. आपला माळ खडकावरच्या मुरमाचा. त्यावर पवन्या, कुसळी ही गवतं, मध्येच हिवराचं झाड, बोर, पिवळ्या फुलांचा तरवड. सारखेपणा आहे तो एका गोष्टीत. दोन्हींवर शेकडो वर्षं चराई होत आली आहे. दिवाळीनंतर कुसळीचं कुसळ मोज्यात शिरलं की ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ’ किती टोचत असेल ते कळतं. शक्य तिथे पोटऱ्या झाकायला सांगा.

आणि माळाला ‘पडीक’ म्हणू नका. काळवीट तिथे चरतं, लांडगा तिथे वावरतो, चंडोल तिथे जमिनीवरच अंडी घालतो. चाकोरी सोडून गवतातून सायकल घालायची नाही, हे पहिल्या पानावर ठळक लिहा.

उत्तर (किनवटहून)

माळाचं काका बोलले, मी वुडलँडचं सांगतो. आमच्याकडे त्याला साधं ‘झाडी’ म्हणतात. जंगल म्हटलं की दाट, अंधारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पैनगंगेच्या काठची आमची सागाची झाडी तशी नाही, उन्हाळ्यात तर पार आरपार दिसते. सायकलवाल्यांना एक शब्द उपयोगी पडेल: जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून वनखातं झाडीत जो मोकळा पट्टा ठेवतं, तो. दिसायला सरळ, साफ, मोहात पाडणारा. पण अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही, जाळरेषा असली तरी. आणि फेब्रुवारीत साग पानं टाकतो तेव्हा वाटेवर सुपाएवढ्या पानांचा पाचोळा होतो. त्याखालचा धोंडा दिसत नाही, चाक आपटल्यावरच कळतो. उतारावर वेग आवरा.

प्रश्नकर्तीकडून पुन्हा

काका, दादा, मनापासून आभार. ‘खडी’ सगळीकडून काढली. पहिल्या मार्गाची नोंद आता अशी झाली आहे, चुकलं असेल तर सांगा:

“गावाबाहेर पांदण, दोन चाकोऱ्या, डावी धरावी. पुढे मुरमाड चढ, बसलेला. वर माळ, सावली एका हिवराची. उतारावर झाडी. एप्रिल-मेमध्ये पांदणीत फुफाटा, तेव्हा शिवरस्त्याने जावे.”

उत्तर (पाटोद्याहून)

बरोबर आहे. फक्त पावसाळ्याचं राहिलं. जूननंतर पांदणीतली काळी माती ओली झाली की चाकाला थर चढतो, चाक सायकलच्या फाट्यात (फोर्कमध्ये) अडकून फिरायचंच थांबतं. तिथे लिहा, “पाऊस झाल्यास दोन दिवस थांबावे.”