मोबाइलचे कारखाने आले; आपल्या पदरात काय राहणार?

आकडेमोड:
१ नोव्हेंबर २०१४ ला नोकियाचा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा मोबाइलचा कारखाना बंद पडला. २००६ मध्ये सुरू झालेला, भरात असताना हजारो माणसं कामाला. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला, पण करवसुलीच्या वादात अडकलेला हा कारखाना घेतला नाही. मग काही महिन्यांतच कुलूप. नोकियाच्या ऑर्डरवर चालणाऱ्या शेजारच्या फॉक्सकॉननेही (दुसऱ्या ब्रँडसाठी फोन जोडून देणारी तैवानची कंपनी) काम थांबवलं.

आता आयफोनच्या निर्यातीवर सगळे खूश आहेत. माझा थेट परकीय गुंतवणुकीला विरोध नाही, फुकटच्या सवलतीला आहे. २०२० च्या पीएलआय योजनेत (उत्पादन वाढवणाऱ्या कंपन्यांना सरकारी प्रोत्साहन) वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के ठेवले. विक्रीवर! चिप आणि डिस्प्ले बाहेरून आणून इथे जुळणी केली तरी चालतं. मग सुटे भाग इथे बनवायची तसदी कोण घेणार? इतके टक्के भाग भारतातले, अशी अट घाला आणि मगच पैसे द्या.

जुना_सोल्डर:
गोष्ट अर्धीच सांगितलीत. नोकियाच्या त्याच जागेत पुढे सालकॉम्प आली, चार्जर बनवायला. फॉक्सकॉनही परतली. हाताला वळण लागलेली माणसं तिथे होती म्हणूनच ना?

आणि अटींचा काळ आम्ही पाहिलाय. फेराच्या (परदेशी कंपन्यांचा हिस्सा मर्यादित करणारा परकीय चलनाचा कायदा) अटी नको म्हणून आयबीएम १९७८ मध्ये गेली. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले ते परदेशी किट जोडूनच. मालक देशी, खोक्यावर नाव देशी, आतलं सगळं बाहेरचं.

रांजणगावचा_व्हेंडर:
मी प्लास्टिक मोल्डिंगवाला, एका परदेशी कंपनीला टीव्हीची मागची कव्हरं देतो. गेल्या काही वर्षांत बरंच शिकलो, खोटं बोलणार नाही. रिजेक्शन कसं मोजायचं, ड्रायरमध्ये प्लास्टिकचा दाणा किती वेळ ठेवायचा, हे त्यांच्या माणसांनी शॉपफ्लोरवर उभं राहून शिकवलं. पण मोल्ड, म्हणजे साचा, त्यांचा. मशीन माझी, कर्ज माझं, आणि मॉडेल बदललं की मोल्ड ट्रकमध्ये घालून घेऊन जातात. डिझाइन कोरियातून येतं, कव्हरच्या आतली एक रिब (आधाराची पट्टी) हलवायची तरी मेल करावा लागतो. त्यामुळे 'तंत्रज्ञान येतं' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

तळेगावकर:
आमच्याकडे तर तेही नाही. २०१५ मध्ये फॉक्सकॉनने राज्याशी ५ अब्ज डॉलरचा करार केला, पुढे काही नाही. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणत होते तो वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प गुजरातला गेला म्हणून गदारोळ झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. तरी जागांचे भाव वाढले ते वाढलेच!

आकडेमोड:
@जुना_सोल्डर, शिकलेली माणसं राहिली हे मान्य. पण पैसा? ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजीच्या भारतातल्या कंपनीचा आयपीओ आला, ११,६०७ कोटींचा, सगळा 'ऑफर फॉर सेल', म्हणजे नवे शेअर नाहीत, मालकाचेच जुने विकायला काढलेले. भारतीय गुंतवणूकदारांनी शेअर घेतले आणि विक्रीची रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेली.

जुना_सोल्डर:
मग? ज्याने पैसे घातले त्याने हिस्सा विकू नये? औरंगाबादजवळच्या चितेगावचं, टीव्ही बनवणारं व्हिडिओकॉन आपलंच होतं की. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारात, आणि बँकांची हजारो कोटींची थकबाकी. मालक मराठी मुलखातला म्हणून औरंगाबादच्या कामगाराचा पगार वाचला का?

तुमच्या अटीचं काय होतं तेही सांगतो. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात टीव्हीच्या ओपन सेल पॅनेलवर (ज्यापासून पडदा बनतो तो भाग) आयात शुल्क लावलं, हेतू तुमचाच: भाग इथे बनावेत. सॅमसंगने त्याच वर्षी चेन्नईतलं टीव्हीचं उत्पादन थांबवलं आणि तयार टीव्ही व्हिएतनाममधून आणायला लागली. मुक्त व्यापार करारामुळे त्यावर शुल्क नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारनेच पॅनेलवरचं शुल्क काढून टाकलं.

लाल_दिवा:
कामगार फक्त उदाहरणापुरताच येतोय या चर्चेत. श्रीपेरुंबुदूरलाच सॅमसंगचे कामगार २०२४ मध्ये ३७ दिवस संपावर होते, मुख्य मागणी युनियनला मान्यता. सवलतीला अट घालायचीच तर ही घाला.

आकडेमोड:
ही मागणी रास्त आहे. शुल्क आणि सवलत यांत मात्र फरक आहे, सोल्डरसाहेब. शुल्काने धाक दाखवता येतो, सवलत तर आपल्याच खिशातून जाते. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर झालीच ना? ती २०२० मध्येच का नव्हती?

जुना_सोल्डर:
कारण तेव्हा ते भाग घ्यायला इथे गिऱ्हाईकच पुरेसं नव्हतं. व्हेंडरभाऊ, तुम्ही त्या योजनेत अर्ज करणार का?

रांजणगावचा_व्हेंडर:
त्या योजनेचे आकडे माझ्या शेडला झेपणारे नाहीत. स्वतःचा माल काढावा म्हणून बँकेत गेलो होतो. साहेबांनी विचारलं, तारण काय? शेड एमआयडीसीत भाड्याची, मशीन आधीच गहाण, आणि मोल्ड म्हणाल तर ते माझे नाहीत. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, सध्या तेवढं शेड्यूल सांभाळतो.