इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडून लघुकथा कशी लिहून घ्यावी? सल्ला हवा (बडोदा)

सूरसागर
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात घरीच इंग्रजीचा वर्ग घेते. मुलं आठवी-नववीची, काही मराठी घरांतली, बाकी गुजराती. माध्यम सगळ्यांचं गुजराती. गाळलेल्या जागा बिनचूक भरतात, पण गोष्ट लिहा म्हटलं की 'वन्स अपॉन अ टाइम'ने सुरुवात आणि तात्पर्याने शेवट. मध्ये तहानलेला कावळा नाहीतर लाकूडतोड्या. त्यांनी स्वतःचं काही लिहावं अशी फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? आणि चुका किती दुरुस्त करायच्या?

जुना मास्तर
ताई, वही उघडायच्या आधी त्यांना बोलू द्या. ऑगस्ट २०२४ मधल्या विश्वामित्रीच्या पुराचा विषय द्या. बडोद्यातल्या प्रत्येक मुलाकडे त्याची काही ना काही आठवण आहे. जोड्या लावा. आपली हकीकत आधी ४ मिनिटांत इंग्रजीत सांगायची, मग जोडीदार बदलून तीच ३ मिनिटांत, पुन्हा बदलून २ मिनिटांत. तिसऱ्या खेपेला जीभ मोकळी होते आणि काय गाळायचं ते मूल स्वतःच ठरवायला लागतं. अडलेला शब्द गुजरातीत किंवा मराठीत आला तर येऊ द्या, इंग्रजी शब्द फळ्यावर लिहून ठेवा.

पण पूर ही हकीकत झाली, गोष्ट नव्हे. गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असावं लागतं. आजीची औषधं संपली आहेत, दुकान गल्लीच्या टोकाला आहे आणि पाण्यात मगर दिसल्याची बातमी आहे. आता नातू काय करणार? एक माणूस, एक गरज, एक अडथळा, एक संध्याकाळ. दीडशे शब्दांना एवढं पुष्कळ झालं. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्ये हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना एका बैठकीत वाचून होणाऱ्या, एकच परिणाम साधणाऱ्या कथेची बाजू मांडली होती. नवशिक्यांना ही कसोटी फार उपयोगी पडते. औषधाशी ज्या वाक्याचा संबंध नाही ते खोडायचं.

व्याकरण तिथेच शिकवा. आपण मराठीत रंगात येऊन सांगताना 'मी दार उघडतो तर काय, समोर मगर!' असं सहज वर्तमानकाळात जातो. मुलं इंग्रजीतही तेच करतात आणि एकाच परिच्छेदात 'ओपन्ड' आणि 'सीज' शेजारी येतात. त्यांना सगळी क्रियापदं अधोरेखित करायला लावा. आधीपासून चाललेलं असेल तर 'इट वॉज रेनिंग', घडलं ते 'ही ओपन्ड', त्याच्याही आधी होऊन गेलेलं असेल तर 'द शॉप हॅड क्लोज्ड'. 'अ' आणि 'द' यांच्यासाठी तर गोष्टीसारखा दुसरा धडा नाही: माणूस पहिल्यांदा आला की 'अ‍ॅन ओल्ड मॅन', वाचकाची ओळख झाली की 'द ओल्ड मॅन'.

रावपुरा
परीक्षेचं निमित्त लागत असेल तर केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांचे नमुना पेपर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'ए२ की' (Key) या प्राथमिक पातळीच्या परीक्षेत ३ चित्रांवरून किमान ३५ शब्दांची गोष्ट असते. त्याच्या वरच्या 'बी१ प्रिलिमिनरी'त लेख किंवा गोष्ट, साधारण १०० शब्द, आणि गोष्टीचं पहिलं वाक्य दिलेलं असतं. त्या दिलेल्या वाक्यामुळे 'वन्स अपॉन अ टाइम'ची वाट आपोआप बंद होते.

मांडवी
मास्तरांशी बहुतेक सहमत, पण थेट बोलायला लावलं तर लाजरी मुलं गप्प बसतात. त्यांच्यासाठी डिक्टोग्लॉस करून बघा. रूथ वायन्रिब यांचं १९९० चं पुस्तक याच पद्धतीवर आहे. एखाद्या कथेचा पाच-सहा वाक्यांचा तुकडा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. मुलांनी फक्त सुटे शब्द टिपायचे आणि मग गटात बसून तुकडा पुन्हा उभा करायचा. इथे 'अ' की 'द' यावर मुलंच आपसांत वाद घालतात, तो ऐकण्यासारखा असतो. नंतर मूळ तुकडा दाखवायचा आणि पुढचं प्रत्येकाने आपापलं लिहायचं.

आणि एकदा त्यांना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्याच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, ते आपल्याच मुलांनी वापरावं. इंग्रजी कथांचे फक्त पहिले परिच्छेद वाचून घ्या आणि गोष्ट कुठून सुरू झाली ते विचारा.

जुना मास्तर
लाजऱ्या मुलांचा मुद्दा पटला. चुकांचं राहिलंच. पहिल्या खर्ड्यावर एकही चूक दाखवू नका, समासात वाचक म्हणून दोन प्रश्न लिहा: 'आजी तोवर काय करत होती?', 'पाणी किती होतं?' दुसऱ्या खर्ड्यात फक्त काळ, तिसऱ्यात फक्त 'अ' आणि 'द'. स्पेलिंग शेवटी. सगळं एकदम दुरुस्त केलेली वही मूल परत उघडत नाही.

सूरसागर
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पुरापासूनच सुरू करते. एक राहिलं: संवाद. मुलं सगळी बोलणी एकाच ओळीत कोंबतात.

मांडवी
नवा माणूस बोलला की नवा परिच्छेद, आणि स्वल्पविराम अवतरणाच्या आत, बाहेर नाही. 'सेड' पुन्हा पुन्हा आलं तरी चालतं, 'एक्स्क्लेम्ड' वगैरे शोधायला लावू नका. आणि एका गोष्टीत बोलणारी माणसं दोनच ठेवा, निदान दिवाळीपर्यंत.