प्रतिसाद: लहान मुलांसाठी सुरक्षित गाडी

वर एका ताईंनी विचारलंय की सनरूफवाला वरचा व्हेरिएंट घ्यावा की साधा, आणि पुढे कोणीतरी "बाळ आईच्या मांडीवरच सुरक्षित" असं लिहिलंय. आधी मांडीबद्दल. धडकेच्या क्षणी दहा किलोचं बाळ कित्येक पटींनी जड होतं, कुठल्याच हातांना ते धरवत नाही. कृपया असं करू नका, अगदी नाशकात गंगापूर रोडवरून भाजी आणायला निघालात तरीही.

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून त्यांच्या सुरक्षेला तारे देणारी आपल्याकडची चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्यात मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण वेगळे असतात. मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे बघून थांबू नका, या ४९ पैकी गाडीला किती मिळाले ते बघा.

शोरूममध्ये चाइल्ड सीट सोबत न्या आणि स्वतः बसवून बघा. आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवायच्या) गादीत खोल असतील तर रोज वैताग येतो. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसते, तेव्हा पुढची सीट किती सरकवावी लागते तेही तपासा. नवरा उंच असेल तर छोट्या गाडीत पंचाईत होते. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढे कधीही लावू नका. सात आसनी गाडीत तिसऱ्या रांगेत बहुधा आयसोफिक्स नसतं, हेही विचारून घ्या.

कसारा घाट उतरून मुंबईला वारंवार जाणं असेल तर ईएससी, म्हणजे वळणावर गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा, हवंच. सनरूफचे पैसे चांगल्या चाइल्ड सीटवर घाला.