शब्दचर्चा: ‘स्क्रीनिंग’ला गावात काय म्हणावं? तपासणी, चाळणी की पाहणी?

दारव्हा, जि. यवतमाळ (पत्रकाची भाषा पाहणारा)

गावात वाटायच्या एका पत्रकाचा मसुदा माझ्याकडे आलाय. वर ठळक ओळ आहे: ‘तोंड व घशाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणूबाधेची तपासणी’. यातले दोन शब्द मला खटकतात. ‘बाधा’ म्हटलं की आमच्याकडे आधी आठवते ती बाहेरची बाधा. कोरोनात ‘बाधित’ रुळला, पण तो पेपरात; म्हातारी माणसं अजून अंगाऱ्याकडेच वळतात. त्याजागी ‘लागण’ चालेल का? आणि ‘तपासणी’ला दुसरा काही शब्द? चाळणी पोरांना स्पर्धा परीक्षेमुळे माहीत आहे. छाननी उमेदवारी अर्जाची होते, पडताळणी जातीच्या दाखल्याची. एकही नीट बसत नाही.

वर्धा (दंतवैद्य)

लागण लिहा, सगळ्यांना समजतं. पण भाषेच्या आधी त्या ओळीतली वैद्यकीय चूक काढा. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा 16 नंबरचा प्रकार घशाच्या कॅन्सरला कारण ठरतो, हे खरं. हा कॅन्सर टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी होतो. मात्र काहीच तक्रार नसलेल्या माणसाच्या घशात हा विषाणू शोधून पुढचं सांगता येईल, अशी मान्य चाचणी आजच्या घडीला नाही. लागण झालेल्या बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. गर्भाशयमुखाची गोष्ट वेगळी: तिथं कॅन्सरच्या आधीचा बदल डोळ्यांना दिसतो, त्यावर उपचार करता येतो, म्हणून तिथं एचपीव्हीची चाचणी कामाची. टॉन्सिलच्या घड्यांत तसा आधीचा बदल पाहायला मिळत नाही.

मग ‘विषाणूबाधेची तपासणी’ वाचून माणूस रक्त द्यायच्या तयारीनं येणार, आणि टॉर्चनं तोंड पाहून परत पाठवला की ‘काहीच केलं नाही’ म्हणणार. त्याहून वाईट म्हणजे विषाणू नाही असं समजून खर्रा सुरू ठेवणार. आपल्या भागातल्या तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण खर्राच आहे. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्येच नोंदवलंय. पत्रकात विषाणू मोठ्या अक्षरात आणि खर्रा तळाशी, हे मला पटत नाही.

आर्णी, जि. यवतमाळ (आशा)

सर, घसा आणि गळा यांचाही घोळ आहे, तो पत्रकात सोडवा. आमच्याकडे दोन्हीला ‘गया’च म्हणतात. मी फॉर्म भरताना एक काकू म्हणाल्या, ‘‘माह्या गयात गाठ हाये.’’ मी घशात दुखतं असं समजून विचारत बसले. त्यांनी माझा हात धरून कानाखाली मानेवर नेला, तेव्हा कळलं. दुखत नव्हती म्हणून त्यांनी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरं, ‘तोंडात व्रण’ असं लिहू नका. लोक ‘तोंड आलं’ म्हणतात, नाहीतर ‘छाले पडले’. आणि तोंड आलं की ते गरम पडलं म्हणून सोडून देतात.

वर्धा (दंतवैद्य)

ताई, तुमची गोष्ट लाखमोलाची आहे. विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये मानेवरची न दुखणारी गाठ हीच पुष्कळदा पहिली खूण असते. म्हणून ‘मानेवर गाठ’ असंच लिहा, गळा शब्द टाळा. आणि ‘तोंड आलं, पंधरा दिवसांत बरं झालं नाही, तर दाखवा’ हे वाक्य जसंच्या तसं घ्या.

अकोट, जि. अकोला (मराठीचे शिक्षक)

मला ‘पाहणी’ सुचतो. तपासणीला माणूस आजारी पडल्यावर जातो, म्हणून धडधाकट शेतकरी विचारतो, ‘‘मले काय झालं?’’ स्क्रीनिंगचा अर्थच तक्रार नसलेल्यांना बघणं. पीक पाहणी सगळ्यांना ठाऊक आहे: पीक उभं असो की आडवं, प्रत्येक शेताची नोंद होते. तशी ‘तोंड पाहणी’. बोलायला सोपं, आणि त्यात रोगाचा ठपका नाही.

एक शंका. एचपीव्हीला काही जण ‘चामखीळ विषाणू’ म्हणतात. तो घ्यावा का?

वर्धा (दंतवैद्य)

नको. चामखीळ त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रकारांनी होते. हातावर चामखीळ असलेली पोरगी उगाच घाबरेल. ‘एचपीव्ही विषाणू’ एवढंच ठेवा. त्याची लागण शरीरसंबंधातून होते, हेही साध्या शब्दांत लिहा, पण सोबत हेही सांगा की तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो; कोणाकडून आला, कधी आला, हे कळत नाही. नाहीतर नवरा-बायकोत भांडणं लागतील.

पाहणी मात्र मला फार आवडला, कारण करतो ते तेच. गाल ताणून आत बघायचं, जीभ उचलून खाली बघायचं, पांढरा किंवा लाल चट्टा शोधायचा, गालाच्या आत बोट फिरवायचं. खर्रा खाणाऱ्याच्या गालात ताठ पट्टा बोटाला लागतो, आणि त्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमात 30 वर्षांपुढच्या प्रत्येकाची ही पाहणी दर पाच वर्षांनी करायची आहे. केरळात मोठ्या प्रमाणावर करून पाहिली, 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले: तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. साध्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी बघून.

दारव्हा

मग मथळा असा करतो: ‘तोंड पाहणी. खर्रा, तंबाखू, सुपारी खाणाऱ्यांनी नक्की यावं. मानेवर न दुखणारी गाठ असेल तर तीही दाखवा.’ विषाणूची माहिती आतल्या पानावर.

आर्णी (आशा)

चांगलं आहे, दादा. फक्त मागच्या बाजूचं ‘बायोप्सी’ बदला. आम्ही ‘तुकडा काढतात’ म्हणतो आणि तिथंच माणूस पळतो. लोक म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर पसरते. त्याला काय लिहायचं?

वर्धा (दंतवैद्य)

‘नमुना घेणे’ लिहा. मातीचा नमुना सगळे देतात, शब्द ओळखीचा आहे. पुढे एक ओळ टाका: जागा बधिर करून, ज्वारीच्या दाण्याएवढा नमुना घेतात, त्यानं कॅन्सर पसरत नाही. नमुना घशातला असला आणि त्यात कॅन्सर निघाला, तर त्याच नमुन्यावर विषाणूची खूण बघतात. विषाणूमुळे झालेला घशाचा कॅन्सर उपचारांना जास्त चांगली दाद देतो, म्हणून डॉक्टरला ते कळणं गरजेचं असतं. पत्रकात विषाणूच्या चाचणीला खरी जागा आहे ती इथं, नमुन्याच्या ओळीखाली.